गावात राहून सोळाव्या वर्षी पहिलं काम कसं मिळवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय १६ पूर्ण, दहावीची परीक्षा मार्चमध्ये दिली, निकाल लागायचा आहे. गाव नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून १४ किलोमीटर. सकाळी साडेआठला एक एसटी, दुपारी एकला दुसरी, आणि परतीची शेवटची गाडी संध्याकाळी साडेपाचला. घरी मोटरसायकल आहे, पण ती वडील नेतात. सात-आठ दुकानांत विचारून झालं, कुणी म्हणालं "अनुभव आहे का?", कुणी म्हणालं "नंतर सांगतो". मोबाइलवर घरबसल्या डेटा एंट्रीच्या जाहिराती येतात, त्यात आधी ९९९ रुपये भरायला सांगतात. तर काम शोधायचं कुठं?

तू "कुठं" विचारलंयस, पण तुझं अडलंय ते दुसरीकडं. तालुक्याच्या बाजारपेठेत हाताखाली पोरगा लागतोच. तरी दुकानदार तुला ठेवत नाही, कारण त्याच्या डोक्यात तीन शंका असतात आणि त्यातली एकही तो बोलून दाखवत नाही. पहिली, पोरगा १८ च्या आतला दिसतोय, उद्या कुणी तक्रार केली तर? दुसरी, आत्ता काम शिकवायचं आणि जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की हा निघून जाणार. तिसरी, गल्ल्याजवळ अनोळखी पोरगा बसवायचा कसा? "अनुभव आहे का" हा यातून सुटायचा सभ्य मार्ग आहे. पुस्तकांचे संच लावायला किंवा अर्ज भरायला कसला अनुभव लागतो? तेव्हा अनुभव नाही म्हणून खचू नकोस. या तीन शंकांची उत्तरं त्यानं विचारायच्या आधी तू दिलीस, तर निम्मं काम झालं.

मी तालुक्याच्या पातळीवर पोरांना कामाला लावून देण्याचं आणि आयटीआय, अप्रेंटिसशिपच्या वाटेला लावण्याचं काम करतो. पुढचं सगळं त्याच अनुभवावरून सांगतोय. दोन गोष्टी मात्र तुझ्या घरच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथून कळत नाहीत. पैशाची निकड किती आहे, म्हणजे घर चालवायला हातभार लावायचाय की स्वतःचा खर्च भागवायचाय? आणि जूनमध्ये पुढं शिकणार आहेस का? मी असं धरून चाललोय की शिकणार आहेस आणि पैसा मिळाला तर घरच्यांना हवाच आहे. तसं नसेल तर खालचा क्रम बदलेल.

आधी वयाचं बघू. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. १४ च्या आतल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामात मदत केलेली चालते, पण तीही धोक्याच्या कामात नाही. १४ ते १८ मधल्या मुलाला ठेवता येतं, फक्त धोक्याच्या कामावर नाही. यातला दुसरा भाग बऱ्याच दुकानदारांना ठाऊकच नसतो. त्यांना वाटतं १८ च्या आतलं पोरगं ठेवलं की थेट गुन्हा. म्हणून हा मुद्दा तूच काढ, आणि वेळेसकट काढ.

कायद्यात वेळ अशी आहे: सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान एक तास सुट्टी, आणि सुट्टी धरून सगळं मिळून सहा तासांच्या आत. सकाळी ८ च्या आधी नाही, संध्याकाळी ७ च्या नंतर नाही. जादा वेळ नाही, आठवड्यात एक दिवस सुट्टी, आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आता हे तुझ्या एसटीशी जुळवून बघ. साडेआठची गाडी तुला नऊ-सव्वानऊला तालुक्याला सोडेल. १० ते १ काम, १ ते २ जेवण, २ ते ४ काम, साडेपाचची परत. पाच तासांचं काम, कायद्यात बसणारं आणि शेवटची गाडी न चुकवणारं. दुकानदाराकडं "काही काम आहे का?" असं विचारू नकोस. "रोज १० ते ४ येऊ शकतो" असं सांग. पहिल्या वाक्याला "नाही" म्हणणं सोपं असतं, दुसऱ्यावर त्याला विचार करावा लागतो.

शेतही या कायद्याच्या "आस्थापना" या व्याख्येत येतं. म्हणजे दुसऱ्याच्या रानात मजुरीनं जातोस तेव्हाही हीच वेळ लागू आहे. प्रत्यक्षात कांदा काढणीची टोळी सकाळी सातच्या आधीच रानात असते आणि तुझं वय कुणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच स्वतःची काळजी स्वतः घ्यायची. घरच्या शेतीला ही वेळेची अट नाही.

धोक्याची कामं कोणती? खाण, खडी क्रशर, फटाके, पेट्रोल-गॅससारखा ज्वलनशील माल यांपासून १८ पर्यंत लांबच राहा. पेट्रोल पंपावर पोरं दिसतात म्हणून ते चालतं असं नाही. शेतातली तीन कामं तर कायद्यात काय लिहिलंय हे न बघताच टाळ. एक, मळणी यंत्राच्या तोंडाशी कणसं किंवा पेंढ्या सारणं. दोन, कडबा कुट्टीला वैरण लावणं. या दोन्हींत हात ओढला जातो तो बाहीमुळे नाहीतर हातमोज्यामुळे, आणि मशीन बंद करणारा माणूस जवळ नसतो. तीन, द्राक्षबागेतली किंवा कांद्यावरची औषध फवारणी. औषध मोजताना, ढवळताना ते अंगावर येतं. फवारताना वारा फिरला की श्वासात जातं. या कामाला रोज जास्त मिळतो, त्यामागचं कारण हेच.

आता काम कुठं, ते. आपल्याकडं काम महिन्यावर चालतं. तू एप्रिलमध्ये विचारतोयस, म्हणून एप्रिल ते जुलैचंच सांगतो.

उन्हाळ कांद्याची काढणी आणि खळ्यावरची प्रतवारी आत्ता जोरात आहे. पैसा लगेच मिळतो, रोज किंवा आठवड्याला. पण त्यातून पुढच्या कामाला उपयोगी पडेल असं फारसं हाती लागत नाही, आणि गोणी ५० किलोच्या असतात. निवडायला बस, गोणी उचलायला जाऊ नकोस; सोळाव्या वर्षी पाठीचं दुखणं लावून घेतलंस तर ते आयुष्यभर राहील. घरात आत्ता पैशाची फारच गरज असेल तर दोन-तीन आठवडे हे कर आणि त्याच काळात पुढच्या कामाचं ठरवून ठेव.

लग्नसराईतलं केटरिंग आणि मंडपाचं काम तुला कुणीही देईल. ते रात्रीचं असतं, परतायला गाडी नसते आणि पैसे "पुढच्या लग्नाला देतो" असे लटकतात. माझा सल्ला, सोडून दे.

मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत शालेय पुस्तकांच्या आणि गणवेशाच्या दुकानांना माणसं कमी पडतात. तिथलं काम म्हणजे इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे संच लावणं, माध्यमाप्रमाणे गठ्ठे वेगळे ठेवणं, संपलेल्या पुस्तकाची यादी मालकाला देणं. तू नुकताच दहावीतून बाहेर पडलायस, कुठल्या इयत्तेला काय लागतं हे तुला मालकापेक्षा जास्त माहीत आहे. ते सांगायला लाजू नकोस.

कृषी सेवा केंद्राचा हंगाम मे-जूनचा, बियाणं आणि खताचा. तिथं तू बिलाचं आणि साठ्याच्या नोंदीचं काम मागू शकतोस. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बिलावर नीट उतरवणं हे दिसायला किरकोळ, पण बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याची तक्रार उभी राहते ती त्या नंबरावरच. अक्षर सुवाच्य आणि आकडे बिनचूक असतील तर मालक तुला सोडणार नाही. मात्र दोन गोष्टी आधीच स्पष्ट कर: युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची, ती हमाली करणार नाही; आणि औषधाच्या बाटल्या फोडून सुटं देण्याच्या कामाला हात लावणार नाही.

आणि आता जे मला तुझ्यासाठी सगळ्यात योग्य वाटतं ते: सेतू, म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र, आणि त्याच्या आजूबाजूची ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं. दहावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर यांसाठी रांगा लागतात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे गावोगावची पोरं फॉर्म भरायला तालुक्याला येतात. आयटीआय आणि डिप्लोमाचे अर्ज वेगळेच. मे ते जुलै या दुकानांत एक खुर्ची मालकाची आणि दुसरी रिकामी असते, कारण मराठी टायपिंग येणारा आणि कागद नीट वाचणारा माणूस मिळत नाही. काम सावलीतलं, दिवसाउजेडीचं, आणि तीन महिन्यांत जे शिकशील ते पुढं कुठंही चालेल.

इथं काय चुकतं तेही सांगतो, म्हणजे तयारी करून जाशील. अर्ज परत येतात ते बहुधा चार कारणांनी. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही; वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर असतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो आणि ओटीपी येतच नाही. स्कॅनची फाइल ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असते, किंवा लहान करताना अक्षरं पुसट होतात. आणि कागद आडवा किंवा कोपरा कापलेला अपलोड होतो. या चारही गोष्टी फॉर्म उघडायच्या आधी तपासायच्या असतात. गर्दीत ते कुणी करत नाही. तू केलंस तर मालकाला आठवड्याभरात फरक कळेल.

तयारीला दोन आठवडे पुरतात. मोबाइलवरचं मराठी लिहिणं वेगळं आणि कीबोर्डवरचं वेगळं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. शाळेची संगणक खोली सुट्टीत उघडून मिळते का ते सरांना विचार, नाहीतर गावातल्या एमएस-सीआयटी केंद्रात थोडे पैसे देऊन रोज पाऊण तास बसू देतात का ते बघ. वेगाच्या मागं लागू नकोस, जोडाक्षरं न अडखळता आली की झालं. स्कॅनचा सराव स्वतःच्या कागदांवर कर: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, नववीचं गुणपत्रक. तिन्हींची पीडीएफ २०० केबीच्या आत आण आणि मोठी करून बघ, शिक्क्यातली अक्षरं वाचता आली पाहिजेत. एक पथ्य पहिल्या दिवसापासून: गिऱ्हाइकाचा ओटीपी, पासवर्ड किंवा आधारचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा नाही, मालकानं सांगितलं तरी नाही. पुढं कुठं गैरवापर झाला तर पहिलं नाव तुझं येईल.

टू-व्हीलर गॅरेज, मोटार रिवायंडिंग, वायरमनच्या हाताखाली जाणं, ही कामं चांगली आहेत, पण तुझ्या वयात आणि कसलंही प्रशिक्षण नसताना थेट नकोत. तिथं वर्षानुवर्षं पाने उचलून देणारी, फुकटात राबणारी पोरं मी बघतो. आयटीआयला प्रवेश घेतल्यावर त्याच दुकानात गेलास तर तुझ्याशी बोलण्याची पद्धतच बदलते.

पोरींसाठी म्हणून एक वेगळं, कारण हे तुझ्या बहिणीही वाचतील. मेडिकल, सेतू, शिलाई आणि भाजीपाल्याची रोपवाटिका या ठिकाणी बहुधा आधीपासून बायका कामाला असतात. आधी आईला किंवा मोठ्या बहिणीला घेऊन एकदा जागा बघून यायची, दुकानात आणखी कोण कोण असतं ते विचारायचं, आणि शेवटच्या गाडीची वेळ हीच सुटण्याची वेळ म्हणून पहिल्याच दिवशी ठरवायची. त्यावर कुरकुर करणारा मालक पुढंही त्रास देतो.

आता विचारायला कसं जायचं. आठवडे बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस, सकाळी दुकान उघडताना नको, संध्याकाळी गर्दीत नको. अकरा ते बारा किंवा तीन ते चार ही वेळ बरी. मित्रांना बाहेर उभं करून जाऊ नकोस, एकटा जा. वडिलांच्या ओळखीनं काम मिळतं हे खरं, पण नुसत्या ओळखीवर ठेवलेल्या पोराला मालक काम सांगायलाही संकोचतो आणि पगार द्यायलाही. बोलायचं तू, ओळख नंतर सांगायची.

काय बोलायचं, ते जवळपास असं: "नमस्कार काका, मी अमुक गावचा. दहावीची परीक्षा दिलीय, वय १६ पूर्ण आहे. मे ते जुलै तुमच्याकडं फॉर्मची गर्दी असते, त्यासाठी काम करायला आलोय. मराठी टायपिंग येतं, स्कॅन-पीडीएफ येतं. रोज १० ते ४ येईन, आठवड्यात एक सुट्टी. जुलैपर्यंत नक्की आहे, कॉलेज सुरू झालं तरी रविवारी आणि सुट्टीला येईन. अमुक सर मला ओळखतात, त्यांना विचारू शकता." झालं. यात वय, किती दिवस टिकणार आणि भरवसा, या तिन्ही शंकांची उत्तरं आली. ज्या सरांचं नाव घ्यायचं त्यांना आधी भेटून विचार; दुकानदारानं फोन केला आणि सरांनाच काही ठाऊक नसेल तर उलटंच होईल. ओळख देणारा माणूस निवडताना पद बघू नकोस. दुकानदार ज्याला ओळखतो असा माणूस बघ: तुमच्या गावचा दूध डेअरीचा सचिव, पोस्टमन, सोसायटीचा शिपाई. त्यांच्या एका शब्दानं जे होतं ते छापील बायोडाट्यानं होत नाही.

वहीच्या अर्ध्या पानावर नाव, गाव, वय, शाळा, कोणत्या वेळेत येऊ शकतो आणि फोन नंबर लिहून ठेवून ये. "सध्या गरज नाही" म्हणाले तर "सीझनला लागेल का? मी पंधरा तारखेला परत येऊन विचारू का?" एवढंच म्हण, आणि खरंच पंधरा तारखेला जा. परत येणारे फार थोडे असतात, म्हणून लक्षात राहतात. सात-आठ दुकानं कमी आहेत. बसस्टँड ते मार्केट यार्ड या पट्ट्यातल्या वीस-पंचवीस दुकानांची यादी कर आणि समोर "हो", "नाही", "परत जायचं" असं लिहीत जा.

पैशाचं ठरवताना बस विसरू नकोस. समजा महिन्याला ५,००० ठरले आणि एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं ६० रुपये आहे. २६ दिवसांचे १,५६० गेले. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो, म्हणजे १,२०० मध्ये भागेल. हातात ३,८००. मग गावातच कुणी ३,८०० देत असेल तर हिशेब सारखाच झाला, वर दिवसाला दीड-दोन तास वाचले. तरी तालुक्याचं काम शिकवणारं असेल तर मी तालुकाच निवडीन. पण हे आकडे मांडून, डोळे उघडे ठेवून. मोटरसायकल मिळाली तर जाईन हा विचार सोड. १८ च्या आत गिअरची गाडी चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, अशी तरतूद आहे. वडिलांची गाडी गेली तर घराचं चाक थांबेल.

कामाला लागायच्या आधी सहा गोष्टी तोंडानं ठरव आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव: वेळ, सुट्टीचा वार, पगार रोजावर की महिन्यावर आणि किती, कुठल्या तारखेला, खाडा झाला तर किती कापणार, आणि काम नेमकं काय. लिहिताना तक्रारीचा सूर नको, "काका, आपलं ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात पुरे. जवळजवळ सगळी भांडणं खाड्यावरून आणि "पहिला महिना शिकाऊ" यावरून होतात. दोन-तीन दिवस बघायला म्हणून बसवलं तर ठीक; महिनाभर फुकट असेल तर नम्रपणे नाही म्हण. खिशात छोटी वही ठेव आणि रोज तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे लिही. महिनाअखेरीला वाद झालाच तर मालकही त्या वहीपुढं नरमतो.

पगार स्वतःच्या खात्यावर घे. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येणारं बचत खातं बँक उघडून देऊ शकते. मर्यादा बँकेगणिक वेगळ्या. आधार खात्याला जोडून घे, पुढं शिष्यवृत्ती आणि स्टायपेंड तिथंच येतात.

आता काही ठिकाणी थेट नाही म्हणायचं. त्या ९९९ रुपयांच्या डेटा एंट्रीत पैसे भरलेस की आधी काम येईल, मग "चुका झाल्या, करार मोडला, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावानं धमकीचे फोन येतील. घाबरून पोरं पुन्हा पैसे भरतात. काम देणारा कधी पैसे मागत नाही, हे पक्कं धर. टेलिग्रामवर रिव्ह्यू देऊन पैसे, हाही तोच प्रकार. "तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून निघ. फसवणुकीचे पैसे तुझ्या खात्यातून फिरतात आणि पोलीस तुझ्या दारात येतात. फसलासच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन कर, जितका लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार यांची मूळ प्रत कुणाकडंही ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. मुकादमाची उचल घ्यायची नाही, कितीही थोडी असो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. कुणी मारलं, डांबलं, पैसे अडवले तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

जूनचं ठरवताना घाई करू नकोस. काम लागलं, पैसा दिसायला लागला, की "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारी पोरं फार. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही असते, तेवढ्यावरून शिक्षण सोडायचं कारण नाही. दहावीचे गुण वाया जात नाहीत: ग्रामीण डाक सेवकाची भरती १८ नंतर लेखी परीक्षेशिवाय, दहावीच्या गुणांवरच होते, आणि ती नोकरी बहुधा खेड्यातच असते. आयटीआयचे अर्ज निकालानंतर ऑनलाइन भरायचे. काही व्यवसाय दहावी नापासांनाही खुले असतात. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर) दोन वर्षांचे, संधाता (वेल्डर) एक वर्षाचा. आपल्या भागात पंप, ठिबक आणि कांद्या-द्राक्षाची यंत्रं बघता मी वीजतंत्री पहिला लिहीन. नंतर सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरीच्या कारखान्यांत अप्रेंटिसशिप मिळते. कायद्यानं तिला स्टायपेंड द्यावाच लागतो, आणि केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट शिकाऊच्या खात्यात देतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ पूर्ण झाल्यावरची आहे, रोजगार हमीही तशीच. आत्ता त्यांच्या मागं धावू नकोस. कॉलेजला गेलास तर "कमवा आणि शिका" आहे का ते प्रवेशाच्या दिवशीच विचार, जागा लवकर भरतात.

जुलैअखेर सेतूचं काम संपताना मालकाकडून दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी घे: नाव, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, काय काम केलं, सही आणि फोन नंबर. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि पुढच्या दुकानात "अनुभव आहे का?" विचारलं की ते पुढं करायचं.

हे वाचून झाल्यावर तीन गोष्टी कळव: कीबोर्डवर मराठी किती येतं, साडेआठची एसटी पावसाळ्यातही नियमित असते का, आणि घरी महिन्याला निदान किती हातभार लागणार आहे. त्यावरून सेतूच धरायचं की आधी काही आठवडे कांद्याच्या निवडणीला जायचं, ते नेमकं सांगता येईल.